शुक्रवारचे चार कागद

ती गेल्याचा फोन आला तेव्हा पायवाल्याने साचा नुकताच भट्टीतून बाहेर काढला होता. गुरुवार होता, सकाळचे अकरा वाजत आले होते. फोनवर छावणीतल्या दवाखान्याची डॉक्टर होती. तिने सांगितलं की तुमच्या मिसेस एका म्हाताऱ्याच्या पायाचं माप घेता घेता बाजूला कलल्या, आम्ही अर्धा तास खटपट केली, पण उपयोग झाला नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. मग साच्याचे चार बोल्ट सैल केले, आतलं रबरी पाऊल ओढून काढलं, कडेने निघालेलं जादा रबर सुरीने छाटलं, पाऊल खिळ्याला टांगलं, आणि मग हात धुऊन निघाला. साचा गार झाला की रबर आत धरून बसतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते, हे खरं. पण बायको गेल्याचं कळल्यावर माणूस पंधरा मिनिटं रबर छाटत बसला, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्याने सांगितलं नाही.

त्याला पायवाला म्हणायचे ते त्याच्या कामावरून. आधी तो जोडे शिवणाऱ्यांना लागणारे लाकडी साचे कोरायचा. पुढे प्लास्टिकचे साचे आले आणि त्याचं काम बसलं. त्याच सुमारास सीमेपलीकडे लढाई पेटली. तिथल्या लोकांच्या शेतांत, रस्त्यांवर सुरुंग पेरले गेले, आणि एकेका पायाने चालत, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या हातगाडीत बसून माणसं अलीकडे यायला लागली. बसने तासाभरावर त्यांची छावणी उभी राहिली. तिथल्या दवाखान्यात गुडघ्याखालची नळी बसवून मिळायची, पण तयार पावलं यायची ती तीनच मापांची. कुणाच्याच दुसऱ्या पायाशी ती जुळायची नाहीत. एक जोडा घट्ट, एक सैल, अशी माणसं फेंगडत चालायची. डॉक्टर विचारत विचारत याच्या दारी आली. याने विचार केला, जोड्याचा साचा काय आणि पाऊल काय, शेवटी लाकूडच कोरायचंय. आत लाकडाचा गाभा, बाहेरून रबर, आणि भट्टी. महिनाभरात हात बसला. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

मापं घ्यायचं काम तिचं. आठवड्यातले तीन दिवस ती बसने छावणीत जायची. माणसाला खुर्चीवर बसवायची, पाय कागदावर ठेवायला सांगायची, भोवतीने पेन्सिल फिरवायची, नाव, घेर आणि टाचेची उंची बाजूला लिहायची. शुक्रवारी सकाळी खिडकीपाशी उभी राहून काहीतरी गिरवत असायची, आणि चहाच्या आधी चार कागद त्याच्या टेबलावर आणून ठेवायची. चारच. चार पावलं करायला त्याला बरोबर आठवडा लागायचा. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी तो हात झटकून म्हणायचा, "झालं बघ सगळं." ती म्हणायची, "झालं."

छावणीत तो एकदाही गेला नव्हता. आपल्याला तिथलं बघवणार नाही, असं तो म्हणायचा, आणि ती म्हणायची, नका बघू, तुम्ही लाकूड बघा. या बाबतीत तिने त्याला कधी टोमणा मारला नाही. बाकी सगळ्या बाबतीत मारायची.

ती गेल्यावर माणसं आली आणि गेली. मुलगी दूरच्या देशातून आली, दहा दिवस राहिली. बाबा माझ्याकडे चला म्हणाली, हा नाही म्हणाला, ती रडली, फ्रिज घासूनपुसून गेली. मग घरात तो आणि रेडिओ. आधी रेडिओ फक्त सकाळच्या बातम्यांपुरता लागायचा, कारण तिला आवाज सहन व्हायचा नाही. आता तो उठल्यापासून चालू असायचा. कुठे पूर, कुठे जळलेलं रान, कुठे औषधाअभावी मेलेली मुलं, आणि दर तासाला सीमेपलीकडचा आकडा. तो ऐकत खुर्चीत बसून राहायचा. लाकूड कोरायच्या पटाशीला हात लावायचा नाही.

तिसऱ्या आठवड्यात धाकटी आली. धाकटी म्हणजे बायकोची बहीण, छावणीच्या कोठारात कामाला होती. तिच्या काखेत दोरीने बांधलेला एक गठ्ठा होता. ताईच्या दवाखान्यातल्या कपाटात निघाला म्हणाली, कपाट रिकामं करून द्यायचं होतं म्हणून आणला.

त्याने दोरी सोडली. पावलांचे कागद होते. त्याने मोजले. मध्ये चुकला, परत मोजले. दोनशे बारा.

"एवढे कुठून आले?" त्याने विचारलं. "चार असतात."

"चार तुमच्याकडे यायचे, भाऊजी," धाकटी म्हणाली.

धाकटी गेल्यावर तो त्या गठ्ठ्यासमोर बसला. आधी त्याला राग आला. अकरा वर्षं तो दर गुरुवारी हात झटकत होता आणि ही बाई "झालं" म्हणत होती. शेजारी आपलं कौतुक करायचे तेव्हा ही गप्प कशी राहायची? लहान मुलाच्या ताटात चार घास वाढावेत आणि पातेलं लपवून ठेवावं, तसं तिने आपल्याला वागवलं. तो मोठ्याने तिला काय काय बोलला. ऐकायला ती नव्हती, त्यामुळे भांडणाला रंग चढला नाही, आणि थोड्या वेळाने तोच थकला.

मग दुसऱ्या दिवशी तो झपाटल्यासारखा कामाला लागला. दोनशे बारा कागद त्याने भिंतीवर टाचण्यांनी लावले. जागा पुरेना तेव्हा दारावर लावले. एका वेळी एक पाऊल हा आजवरचा नेम मोडून त्याने तीन तीन लाकडं एकदम कापायला घेतली. जेवण म्हणजे उभ्या उभ्या पाव. हाताला फोड आला तर फडकं गुंडाळायचं. दोन आठवड्यांत नऊ पावलं झाली. त्याने नऊ कागद भिंतीवरून काढले आणि मागे सरकून बघितलं. भिंतीत काही फरक दिसत नव्हता. त्या दिवशी रेडिओवर सांगत होते की सीमेपलीकडे एका बाजाराच्या वाटेवर एकवीस जण सुरुंगात सापडले, त्यातले पंधरा वाचले. वाचले म्हणजे काय झालं असणार, ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

धाकटी येऊन नऊ पावलं पिशवीत घालून घेऊन गेली. जाताना म्हणाली, भाऊजी, आरशात बघा जरा. त्याने बघितलं नाही.

चार दिवसांनी दुपारी दारात कुबड्यांचा आवाज झाला. पन्नाशीचा माणूस होता, रुंद खांद्यांचा, कानावर पेन्सिल. मागे धाकटी. तिने सांगितलं, हे सुतार आहेत, छावणीत यांना सगळे मिस्त्री म्हणतात, तुमच्याकडे यायचंच म्हणून हटून बसले. मिस्त्रींनी खुर्ची ओढून बसून घेतलं, कापडी पिशवीतून रबरी पाऊल काढून टेबलावर ठेवलं आणि खोलीभर नजर फिरवली. पटाश्या बघितल्या. एकीची धार अंगठ्याने बघितली आणि परत ठेवली.

"काम झकास आहे," ते म्हणाले. "माझ्या करंगळीजवळ गाठ आहे ना, तीसुद्धा उतरली आहे. एवढं कुणी करत नाही. फक्त एक आहे."

"काय?"

मिस्त्रींनी आपल्या धड पायातला बूट काढला, मोजा काढला आणि तो पाय उचलून टेबलावर, रबरी पावलाशेजारी ठेवला. दोन्ही उजवे होते.

"हा माझ्याकडे आहे," मिस्त्री म्हणाले. "मला दुसरा पाहिजे होता."

पायवाल्याला काही उमजेना. त्याने मिस्त्रींचा कागद शोधून काढला. कागदावर उजवाच पाय होता, गाठीसकट. त्याने बोट ठेवून दाखवलं. धाकटीने सांगितलं की बरोबर आहे, ताईने आहे तो पाय काढलाय, नाही तो कसा काढणार?

तो खाली बसला. जो पाय नाही त्याचं चित्र कुणी कसं काढेल, हे अकरा वर्षांत एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. कागदावर दिसेल तो पाय कोरायचा, एवढंच त्याला माहीत.

उलगडा धाकटीने केला. ताईने तिला हे कधीतरी सांगितलं होतं, पण पावलं नेताना ते आठवलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी ताई खिडकीपाशी काय करायची? आधी कागद उलटा करून काचेला लावायची. उजेडात पलीकडची रेघ इकडून दिसायची, फक्त डाव्याचा उजवा झालेला असायचा. त्यावर कोरा कागद धरून ती रेघ गिरवायची आणि तो नवा कागद त्याला द्यायची. त्या आठवड्याला जे चार निवडले असतील त्यांचेच. बाकीचे तसेच सुलटे कपाटात राहायचे. त्याला वाटत होतं ती पुसट रेघा ठळक करते आहे. एकदा तो म्हणालाही होता, एवढं सजवायला काय चित्रकलेची परीक्षा आहे का, आणि ती नुसती हसली होती.

म्हणजे नऊच्या नऊ पावलं उलटी झाली होती. नऊ माणसांना त्याने त्यांच्याकडे असलेलाच पाय करून पाठवला होता. बाकीची आठ कुठे आहेत, त्याने विचारलं. धाकटीने पिशवी टेबलावर उपडी केली.

त्याने रेडिओ चालूच ठेवला होता. त्यात कुणीतरी बोलत होतं. तो एकदम सगळं बोलून गेला. म्हणाला की आता हे बंद. ती होती तोवर चाललं, कारण ती मला फसवत होती आणि मी फसत होतो. माझ्याने आठवड्याला चार होतात. तिकडे एका दिवसात पंधरा पाय जातात. मी ऐंशी वर्षांचा होईपर्यंत कोरत बसलो तरी ही भिंत रिकामी होणार नाही. आणि ही तर एकच भिंत, जगात आणखी किती भिंती असतील. सगळे कागद परत घेऊन जा, डॉक्टरला सांग दुसरा माणूस बघ.

धाकटी रडायला लागली. मिस्त्री रडले नाहीत. त्यांनी रेडिओचा आवाज कमी केला, पार बंद नाही केला.

"दोनशे बारा तुमच्याने होणार नाहीत," ते म्हणाले. "ते दिसतंयच. पण मला दोनशे बारा नकोत. मला एक पुरे. दुसरा आहे माझ्याकडे."



"तुम्ही खुशाल बंद करा," मिस्त्री पुढे म्हणाले. "पण माझा झाल्यावर करा. दारं-खिडक्या करणाऱ्या एका माणसाने मला काम देतो म्हटलंय. येत्या सोमवारपासून. टेबलाशी उभं राहता आलं तर. बसून रंधा मारता येत नाही, तुम्हाला सांगायला नको."

"सगळे असंच म्हणतील," पायवाला म्हणाला. "माझा झाल्यावर बंद करा."

"म्हणतीलच. मग नका करू बंद. मला काय विचारता?"

धाकटीला रडता रडता हसू आलं. डोळे पुसत ती म्हणाली, "ताई तुम्हाला फसवत नव्हती, भाऊजी. तिचं म्हणणं होतं, यांना चार दिले की चार होतात. पाच दिले तर एकही होत नाही."

टेबलावर नऊ उलटी पावलं पडली होती. त्याने दुसरंच विचारलं. तिला दोनशे बारा माहीत होते, मग ती कशी राहायची?

"बसमध्ये रडायची कधी कधी," धाकटी म्हणाली. "उतरायच्या आधी तोंड पुसायची. रोज नाही हां. कधी कधी ड्रायव्हरशी भांडायची, कधी झोपायची. रोज कोण रडेल?"

तो उठला आणि चहा ठेवायला आत गेला. साखर सापडायला वेळ लागला. तिने डबे कुठल्या हिशेबाने लावले होते ते त्याला अजून कळलं नव्हतं.

बाहेर आला तर मिस्त्री जमिनीवर बसले होते आणि भिंतीवरचे खालच्या रांगेतले कागद काढून पसरत होते. त्यांनी धाकटीलाही कामाला लावलं होतं. त्यांच्या डोक्यात आलेला विचार साधा होता. हे पाऊल उजवं आहे, मला चालत नाही. पण ज्याचा उजवा गेलाय आणि डावा माझ्या उजव्याएवढा आहे, त्याला चालेल. एवढ्या लोकांत एखादा निघणार नाही का? त्यांच्या धंद्यात चौकट चुकली तर लाकूड फेकत नाहीत, ती बसेल असा दरवाजा शोधतात. एकदा त्यांनी एका शाळेचे सहा दरवाजे उलट्या बाजूला उघडणारे केले होते. मुख्याध्यापक वर्षभर कपाळाला हात लावून म्हणायचे, मिस्त्री, तुमच्यामुळे पोरं आत येण्याऐवजी बाहेरच जातात.

तिघंही जमिनीवर बसले. धाकटी कागद उलटा करून उजेडात धरायची, पायवाला त्यावर पाऊल ठेवून बघायचा, मिस्त्री बाजूला लिहिलेला घेर वाचायचे. सुरुवातीला त्याला नुसत्या रेघा दिसत होत्या. मग दिसायला लागलं की ह्याचा अंगठा आत वळलेला आहे, हा कधी चप्पल न घातलेला पाय आहे, बोटं मोकळी पसरलेली, आणि हा इतका लहान आहे की कुणी लहान मूल असावं. आजवर चार-चार बघितले होते म्हणून तो एकेक बघत आला होता. भिंतीवर लावल्यापासून त्यातला एकही त्याने बघितला नव्हता.

नाव आलं की मिस्त्री सांगायचे. ही पाव भाजणारी, तोंडाची फटकळ. हा माझ्या शेजारच्या तंबूतला, घोरतो, ह्याला शेवटी द्या. हा गेला की हो, गेल्या महिन्यात, तापाने. तो कागद पायवाल्याने बाजूला ठेवला. तसे आणखी पाच निघाले. तेही एका बाजूला, वेगळे.

संध्याकाळपर्यंत दोन पावलं अगदी चपखल बसली. त्यातलं एक पाव भाजणारीला. तिसरं टाचेशी थोडं घासलं तर एका म्हाताऱ्याला चालण्यासारखं होतं. उरलेली सहा कुणालाच बसली नाहीत, त्यात मिस्त्रींच्या गाठीचं एक. त्यांचं रबर सोलून आतलं लाकूड लहान मापाला वापरता येईल का, यावर मिस्त्री आणि पायवाला वाद घालत बसले. मिस्त्रींचं म्हणणं, येईल. पायवाल्याचं म्हणणं, गाभ्याला एकदा भट्टी लागली की तो तडकतो. शेवटी एक फोडून बघितलं. तडकला. मिस्त्री म्हणाले, तुमच्या भट्टीचाच दोष आहे.

शुक्रवारी धाकटी सकाळी आली, कारण चार निवडायचे होते. बायको कशावरून निवडायची ते त्याने विचारलं. धाकटीला माहीत नव्हतं. वयावरून असेल, कामावरून असेल, कुणी जास्त मागे लागलं म्हणून असेल. कागदांवर तशी काही खूण नव्हती. ती कसं ठरवायची हे कळायला आता काही मार्ग नव्हता. इतकी वर्षं त्याला सगळ्यांत सोपं काम मिळालं होतं, कोरायचं. हे दुसरं काम ती एकटी करायची आणि वर चहा करून द्यायची.

मिस्त्रींचा कागद त्याने पहिला काढला, कारण चूक त्याची होती आणि सोमवार जवळ होता. दुसरा त्या लहान पायाचा. पुढचे दोन काही केल्या निघेनात. एक उचलला की दुसऱ्याकडे बघून हात मागे यायचा. पाऊण तास गेला. धाकटी म्हणाली, भाऊजी, माझी बस जाईल. त्याने मधले दोन ओढून काढले. ते बरोबर होते की चूक, त्याला सांगता आलं नसतं.

मग त्याने चारही कागद उलटे करून एकेक खिडकीच्या काचेला लावले आणि कोऱ्या कागदावर रेघ गिरवली. पहिला कागद हलला, रेघ दुहेरी आली. परत काढली. बाकीचा गठ्ठा धाकटी नेते म्हणाली, तुमच्या डोळ्यांसमोर नको. तो म्हणाला, राहू दे. भिंतीवरून मात्र त्याने सगळे उतरवले आणि गठ्ठा टेबलाशेजारच्या फळीवर ठेवला. आहेत हे माहीत असलेलं बरं, पण सगळ्यांनी एकदम बघत राहायला नको.

शनिवारी मिस्त्री बसने आले, लाकूड बघायला. पहिलं त्यांनी नाकारलं, शिरा आडव्या आहेत म्हणाले. दुसरं नाकारलं, आत गाठ असेल म्हणाले. पायवाला म्हणाला, तुमच्या करंगळीला चालते, लाकडाला का नाही? मिस्त्रींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिसरं त्यांनी वाजवून बघितलं, दोन्ही टोकांना कान लावला, आणि चालेल म्हणाले, पण खूष होऊन नाही. या सगळ्यात दुपार झाली. मग ते खुर्ची ओढून समोर बसले आणि तो पटाशी कशी धरतो ते बघत राहिले. मधून मधून सूचना करत होते. त्याने दोनदा सांगितलं की गप्प बसा.

रविवारी संध्याकाळी टाच आणि घोटा झाला होता. पाचही बोटं कोरायची होती, रबर चढवायचं होतं, भट्टी लावायची होती, आणि मिस्त्रींना सकाळी आठला कामावर उभं राहायचं होतं. त्याने दिवा जवळ ओढला आणि अंगठ्याला पटाशी लावली.